पातं फेकायचं, रेझर ठेवायचा

१८९५चा उन्हाळा. अमेरिकेत बॉस्टनला खेटून असलेल्या ब्रुकलाइन गावात, एका घरात, सकाळच्या उजेडात तुम्ही आरशासमोर उभे आहात आणि तुमच्या हातात वस्तरा आहे. एका बाजूला जाड पाठ, दुसऱ्या बाजूला धार, आणि पातं दुमडून जिच्यात बसतं ती दांडी. गालाला साबण लागलेला आहे. डाव्या हाताने कानापाशी कातडी वर ताणून धरा. उजव्या हाताची बोटं पात्याच्या शेपटाशी. आता वरून खाली या.

वस्तरा ओढतोय. केस कापला जाण्याऐवजी उपटला जातोय आणि डोळ्यांत पाणी आलंय. भिंतीवर चामड्याचा पट्टा टांगलाय. त्याच्यावर वस्तरा पाठीच्या दिशेने वर न्या, टोकाला पाठीवरच उलटा करा, तसाच खाली आणा. असं बऱ्याच वेळा करून पुन्हा गालाला लावून पाहा. फरक पडलेला नाही. पट्ट्यावर धार सरळ होते, पण गेलेली धार पट्ट्याने परत येत नाही. तिला दगड लागतो. म्हणजे वस्तरा धारवाल्याकडे टाकायचा, आणि तो हातात येईपर्यंत एक तर न्हाव्याच्या खुर्चीत बसायचं किंवा खुंट वाढू द्यायचे.

हा वस्तरा ज्यांचा, ते गृहस्थ तुमच्या मागेच उभे आहेत. वय ४०, झुपकेदार मिशा. नाव किंग कॅम्प जिलेट. पोटापाण्यासाठी ते बाटल्यांची बुचं विकत गावोगाव हिंडतात. सोड्याच्या बाटलीला कडेने दातेरी पत्र्याचं जे बूच असतं, ते शोधून काढणारे विल्यम पेंटर हे त्यांचे मालक. पेंटरनी त्यांना कधीतरी सल्ला दिला होता की अशी वस्तू काढ, जी लोक एकदा वापरतील, फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील. तेव्हापासून जिलेट दिसेल त्या वस्तूकडे त्याच नजरेने बघतात. आदल्याच वर्षी त्यांनी एक पुस्तक छापलंय, ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’. त्यात नायगाराच्या धबधब्यावर वीज तयार करून तिच्यावर चालणारं एकच अवाढव्य शहर आहे, सगळ्या देशाने तिथे राहायचं आणि धंद्यातली स्पर्धा कायमची बंद करायची. स्वप्नं बघताना हा माणूस हात आखडता घेत नाही.

आज मात्र त्यांची नजर तुमच्या हातातल्या बोथट पोलादावर आहे. दाढी करते ती फक्त धारेची ती केसाहून बारीक रेघ. बाकीचं एवढं जाड, घडवलेलं, घासलेलं पोलाद आहे ते त्या रेघेला धरून ठेवायला. मग रेघेपुरतंच पातळ पोलाद घेतलं आणि धरून ठेवायचं काम दुसऱ्या कशाकडे दिलं तर? धार गेली की पातं फेका. ना पट्टा, ना दगड, ना धारवाला. जिलेट त्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, हातातला छोटा शेगडा आणि कानशी घेऊन येतात. बायको ओहायोत गेलेली आहे. तिला पत्र जातं की आता आपलं नशीब उघडलं.

नशीब उघडायला पुढे आठ-नऊ वर्षं लागली.

कारण पातळ पोलादाला धार टिकत नाही असंच तेव्हा सगळे जाणकार सांगत. पट्टी तापवून थंड केली की ती कडक व्हायची, पण वाकडीतिकडी व्हायची. जिलेटना यातलं काही येत नव्हतं, ते विक्रेते होते. १९०१मध्ये विल्यम निकरसन हे एमआयटीत शिकलेले इंजिनियर त्यांना भेटले, आणि पातळ पट्टी न वाकता कडक करायची व तिला दोन्ही बाजूंनी धार लावायची यंत्रं त्यांनी बसवली. आज पाकिटावर जिलेटचंच नाव आहे, पण माझ्या मते तुमच्या गालावर रोज सकाळी जे फिरतं ते निकरसन यांचं काम आहे. कल्पना सुचणं आणि पोलादाला ती ऐकायला लावणं यांत फार अंतर असतं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, जिलेटचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा ९०,८८४ झाला.

त्यातला एक रेझर तुमचा आहे. चला, १९०४च्या हिवाळ्यात, बॉस्टनमध्येच.

पाच डॉलर मोजून तुम्ही ही पेटी आणलीये. बऱ्याच कामगारांची ही निम्म्या आठवड्याची कमाई आहे, तेव्हा पेटी सांभाळून उघडा. आत मखमलीचं अस्तर, त्यात चांदीचा मुलामा दिलेला रेझर आणि २० पाती. पातं कागदात गुंडाळलेलं आहे आणि कागदावर त्याच मिशाळ गृहस्थांचं चित्र आहे. कागद उलगडा. पातं लांबीच्या टोकांना धरायचं, धारेला बोट लावायचं नाही. त्याला मधोमध तीन भोकं आहेत.

रेझरची मूठ फिरवून सोडवा. तीन भाग हातात येतील: वरची टोपी, खालची दातेरी पट्टी आणि मूठ. टोपी उलटी धरा, तिला खाली तीन खुंट्या आहेत. त्यांवर पातं ठेवा, वरून दातेरी पट्टी बसवा आणि मूठ आवळा. आवळताना पात्याकडे लक्ष द्या. टोपी आतून गोलसर आहे, त्यामुळे सपाट पातं आवळता आवळता कमानीसारखं वाकतं. सगळी करामत या वाकण्यात आहे. पोस्टकार्ड हातात सरळ धरलं तर लवतं आणि जरा वाकवून धरलं की ताठ राहतं, तसं हे कागदासारखं पातं वाकताक्षणी ताठ होतं. त्याची धार टोपीच्या कडेबाहेर अगदी नखाच्या कडेएवढी डोकावते, आणि खालचे दात कातडीला हळूच बाजूला सारत केस पात्यापुढे उभे करतात. जाड पोलादाचं काम आता पितळेच्या दोन तुकड्यांनी उचललंय. ‘सेफ्टी रेझर’ नावाची चीज याआधीही होती. कॅम्फे बंधूंनी न्यूयॉर्कमध्ये १८८०च्या सुमाराला फावड्याच्या घाटाचा रेझर काढला होता, पण त्यातला पात्याचा तुकडा जाडच होता आणि त्यालाही पट्टा लागायचाच.

आता दाढी. घाई करू नका, या रेझरला घाई चालत नाही. गरम पाण्याने चेहरा ओला करा आणि ओलाच राहू द्या, केस पाणी पिऊन मऊ होतात. ब्रश भिजवून झटका, वाडग्यातल्या साबणाच्या वडीवर गोल फिरवा, पुन्हा चार थेंब पाणी, पुन्हा फिरवा. बुडबुडे मोठे असतील तर साबण कमी पडलाय. फेस दाट आणि चमकदार झाला, ब्रश उचलल्यावर त्याचं टोक उभं राहिलं, की तो गालावर केसांच्या उलट दिशेने चोळा म्हणजे खुंट उभे राहतात.

रेझरची टोपी गालाला सपाट टेकवा. मूठ गालापासून बाहेर, आडवी. आता मूठ हळूहळू खाली आणत जा. एका जागी बारीक खर्रकन आवाज होईल. तो आला की थांबा, तोच कोन. जेमतेम ३० अंशांचा. मुठीच्या टोकाशी दोन बोटं आणि अंगठा, बस. दाब द्यायचा नाही. पितळेचं वजन स्वतः खाली येतं, तुम्ही फक्त वाट दाखवायची. वस्तऱ्याची सवय असलेला हात इथेच चुकतो, जोर लावतो आणि हनुवटीवर रक्ताचा टिपूस येतो. एक हात मारा, छोटा, दीड-दोन इंचांचा. फेसात स्वच्छ पट्टा उमटला. रेझर पाण्यात झटका, उलटा करा. दुसऱ्या बाजूलाही धार आहे, ती अजून कोरी आहे.

कान लावून ऐका. केस जाड आहेत तिथे आवाज मोठा, संपले की आवाज बंद. कानाजवळ कल्ल्यांपाशी तो जास्त स्पष्ट येतो, हनुवटीवर तुटक. आवाज थांबला तरी हात मारत राहिलात तर तुम्ही केसांऐवजी कातडी खरवडताय. गळ्यावर केस सगळे खाली वाढत नाहीत, काही आडवे असतात, काही वर. बोट फिरवून आधी पाहा. कंठमणी मध्ये येतो, तेव्हा आवंढा गिळून धरा किंवा कातडी एका बाजूला ओढून घ्या. एकदा सुलटा, म्हणजे केसांच्या दिशेने, हात फिरवून झाला की पुन्हा फेस, मग आडवा. उलटा हात पहिल्या दिवशी मारू नका. नवशिक्याच्या गळ्यावर जे लाल पुरळ उठतं त्यातलं बरंचसं या उलट्या हाताच्या हौसेपोटी.

शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा ओल्या गालावरून. कुठे चरचरलं? तिथे जोर लागला होता. चूक नेमकी कुठे झाली हे तुरटी रोज सांगते आणि तेवढ्यावर हात सुधारतो.

एक समज इथेच खोडून काढायला हवा. रेझर कवडीमोल विकायचा आणि पैसा पात्यांवर काढायचा, ही जिलेटची पहिल्यापासूनची युक्ती, असं व्यवस्थापनाच्या वर्गांत सर्रास सांगतात. तुम्ही तर आताच पाच डॉलर मोजलेत. पेटंट १९०४च्या नोव्हेंबरमध्ये मिळालं, ते १९२१पर्यंत चाललं, आणि तेवढी वर्षं हा रेझर महागच होता. किंमत खाली आली ती पेटंट संपायच्या वेळेला, इतरांनाही तसलेच रेझर काढायची मुभा मिळणार होती तेव्हा.

ही महागडी चैन सर्वसामान्यांच्या हाती पोचवली युद्धाने. डोळे मिटून उघडा. १९१८, फ्रान्स. पायाखाली चिखल, टिनच्या मगात पाणी, तेही थंड. खंदकाच्या भिंतीला टेकवलेला आरसा काचेचा नाही, फुटू नये म्हणून चकचकीत धातूचा आहे. तुमच्या अंगावर अमेरिकन सैन्याचा गणवेश आहे आणि गळ्यात विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा लटकतोय. गाल खरखरीत असले तर मुखवट्याची कड कातडीला घट्ट बसत नाही, आणि वायूला आत शिरायला फट मिळते. इथे दाढी ही टापटिपीची गोष्ट राहिलेली नाही. सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर मागवले, त्यातला एक तुमच्या हातात आहे. गार पाण्याने फेस धड होत नाही, बोटं बधीर आहेत, तरी सुलटा एक हात फिरतो. वस्तरा इथे चालला नसता. लढाई संपल्यावर ही पोरं रेझर घेऊन घरी गेली आणि रोज सकाळी आपली आपण दाढी करायची सवय सोबत नेली. न्हाव्याच्या खुर्चीतली ती आठवड्यातून दोनदाची बैठक तिथूनच ओसरत गेली.

आणि फेकलेल्या पात्यांचं काय झालं? अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात, १९५०च्या सुमाराच्या एका न्हाणीघरात शिरा. आरशामागचं भिंतीतलं छोटं कपाट उघडा. मागच्या पत्र्याला एक बारीक फट दिसेल. दाढी झाली, पातं बोथट झालं, की त्या फटीतून आत सोडायचं. टिंग असा आवाज येतो आणि पातं भिंतीच्या पोकळीत पडतं. खाली पिशवी नाही, डबा नाही. भिंतीतच. आज तिथे जुन्या घरांची दुरुस्ती काढली की भिंतीतून गंजलेल्या पात्यांचा ढीग बाहेर येतो. पेंटर-जिलेटच्या विचारात ‘फेका’ हा शब्द होता, ‘कुठे’ हा प्रश्न नव्हता. तो प्रश्न लोकांनी भिंतीत चिणून टाकला.

आता आपल्याकडे या. त्याच दशकातली गिरगावातली एक चाळ. नळाला पाणी येऊन गेलंय, गॅलरीत बादल्या आहेत, खालून दूधवाल्याची हाक येतेय. खिडकीच्या गजाला आरसा अडकवून अण्णा पाटावर बसलेत. शेजारी गरम पाण्याचा पेला, साबणाची वडी, तुरटी. रेझर वडिलांचा, मुलामा उडून आतलं पितळ दिसतंय. आतून काकूंचा आवाज येतो, “अहो, आज एकादशी आहे ना?” “ती काल झाली,” अण्णा सांगतात आणि तुम्हाला बघून म्हणतात, “ये रे, बस.”

त्यांच्या वडिलांच्या लहानपणी गावाकडे न्हावी काखेत धोकटी मारून वाड्यावर यायचा, सुगीला बलुतं घेऊन जायचा. मुंबईत आल्यावर ते सुटलं आणि हे सामान घरात आलं. बघा, अण्णा काय करतायत. कागदातून कालचंच पातं काढलंय. काचेचा पेला ओला केला, पातं आतल्या गोलाईवर ठेवलं, दोन बोटांनी दाबून हलकेच पुढे-मागे घासलं, मग उलटं करून तसंच. पात्याच्या कडेची मुरड त्याने थोडी सरळ होते आणि अजून दोन-तीन दाढ्या निघतात. ते साध्या पोलादाचं आहे, ओलं राहिलं तर उद्या गंजेल, म्हणून काम झाल्यावर सुटं करून पुसून कागदात घालतात. “हात हलका ठेव. दाबू नकोस,” ते तुम्हाला सांगतात. बॉस्टनला शिकलात तेच.

इथे पातं बोथट झालं तरी फेकत नाहीत. ते काकूंच्या शिवणाच्या डब्यात जातं, पोलक्याची उसवण काढायला. मग मधोमध मोडून अर्धं धाकट्याच्या दप्तरात, शिसपेन्सिलीला टोक करायला. इंटर सायन्सचा थोरला वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला नवं कोरं मागतो, कारण सूर्यफुलाच्या खोडाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक दिसायचा तर तो एवढ्या पातळ धारेनेच निघतो. त्याचं झालं की तेही डब्यात. नखं काढायला, पायाचं कुरूप तासायला, पुड्याची सुतळी कापायला. फेकण्यासाठीच जन्माला घातलेल्या वस्तूला या चाळीने वर्षभराचं काम दिलंय. यात हाताला लागायचं, पोरांची बोटं कापायची, धनुर्वाताची भीती असायची, तेव्हा त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. पण पातं शेवटी कुठे जातं हे या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं.

पुढचं भराभर पाहून घ्या. १९६२च्या सुमाराला विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीच्या स्टेनलेस पात्याने बाजार हलवला आणि गंजाचा प्रश्न मिटला. आपल्याकडे टोपाझ, सेव्हन ओ’क्लॉकची पाकिटं वाण्याच्या दुकानात लटकू लागली, ठाण्यात तयार झालेली सुपर-मॅक्सची पाती परदेशी जाऊ लागली. १९७१ला दोन पात्यांचं प्लॅस्टिकचं डोकं आलं, १९९८ला तीन पात्यांचं, २००६ला पाच. या डोक्यांमध्ये पोलाद प्लॅस्टिकात असं रुतवलेलं असतं की भंगारवालाही ते वेगळं करत बसत नाही. धार गेली की पात्यासकट सगळंच फेकायचं. जिलेटनी फेकण्यापुरतं कागदासारखं पातळ पोलाद ठेवलं होतं आणि बाकी सगळं पितळेत, टिकाऊ घडवलं होतं. माझ्या मते ते या बाबतीत बरोबर होते आणि त्यांच्यानंतर आलेले चुकले.

आता तुम्ही तुमच्याच मोरीत आहात. आजोबांचा रेझर माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर काढा. गरम पाण्यात साबण घालून जुन्या दातघासणीने घासा, मुलामा गेला असेल तरी चालतो, टोपी आणि पट्टी सरळ असली म्हणजे झालं. पातं अजून तेच, त्याच मापाचं, कुठल्याही वाण्याकडे दोन-चार रुपयांना मिळतं. बॉस्टनमधली तीन भोकं जाऊन त्या जागी आता लांब खाच आहे, पण ती जुन्या खुंट्यांवरही बसते. फक्त अण्णांसारखं पेल्यावर घासू नका आणि धार टॉवेलला पुसू नका. आताच्या पात्याच्या धारेवर पॉलिमरचा अतिशय पातळ थर असतो, तो निघाला की पातं ओढायला लागतं. धुवा, झटका, वाळू द्या. चार-पाच दाढ्यांनंतर बदला.

काढलेलं पातं मात्र कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. आपला कचरा यंत्रं नाही, माणसं वेगळा करतात, बहुतेक बायका, आणि बऱ्याचदा हातमोज्यांशिवाय. बिस्किटाचा किंवा टाल्कम पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला पातं जाईल एवढी चीर पाडा आणि मोरीच्या फळीवर ठेवा. तो भरायला काही वर्षं लागतील. भरला की झाकण चिकटपट्टीने पक्कं बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या बाईंच्या हातात, आत काय आहे ते सांगून, वेगळा द्या.